वाळली म्हणून उपटू नका

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

माघ लागला की पालघर स्टेशनच्या आसपास काय किंवा बोईसरच्या वसाहतींत काय, कचराकुंडीपाशी एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. मुळासकट उपटलेली जास्वंद, काटक्या झालेल्या मोगऱ्याच्या जुड्या, कुंडीच्या आकाराचा मातीचा गोळा तसाच धरून आडवी पडलेली तुळस. आठवड्याभरात त्याच घरांच्या दारांत रोपवाटिकेतून आणलेली, काळ्या पिशवीतली नवी रोपे उभी राहतात. जुन्या झाडाचे काय बिघडले होते असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "थंडीने मेले." माझे म्हणणे एवढेच आहे की त्यांतली बहुतेक झाडे मेलेली नसतात. आणि हा विषय दिसतो तितका किरकोळ नाही. या वाळलेल्या झाडांपायी आमच्या बाजूला कुणाची तीन वर्षांची मेहनत मातीत जाते, तर कुणा पोरीच्या माथी अपशकुनाचा ठपका बसतो.

आपल्याकडे थंडी ती कसली, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. निफाडला काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. तिथले द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात; कारण विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांत झळकतात. आपल्या किनाऱ्यावर यातले काही होत नाही. समुद्र जवळ आहे, तो रात्रीची ऊब धरून ठेवतो. डहाणूकडे जानेवारीतला किमान पारा साधारण १५ ते १७ अंशांच्या आसपास घुटमळतो. लाट आली तर आणखी थोडा उतरतो. केळवे-माहीमच्या वाड्यांत तर थंडीचा जोर आणखी कमी. परंतु महामार्ग ओलांडून मनोर-विक्रमगडच्या बाजूला गेलात किंवा घाट चढून जव्हार-मोखाड्याला पोचलात, की पहाटेची गोष्ट निराळी होते. एकाच जिल्ह्यात दोन हिवाळे नांदतात आणि सल्ला मात्र सगळ्यांना एकच दिला जातो.

झाडांच्या बाबतीत नुसते अंश मोजून भागत नाही. जास्वंद, मोगरा, तुळस, कढीपत्ता ही सारी उष्ण मुलखातली झाडे. बर्फाळ प्रदेशातल्या झाडांनी थंडी सोसायची सवय पिढ्यान् पिढ्या अंगी बाणवलेली असते; यांना ती नाही. दहा-बारा अंशांच्या आसपास यांची वाढ जवळपास थांबतेच, पण त्याच्या बरेच अगोदर मुळे आळसावतात. त्यात आपल्याकडचा हिवाळ्यातला दिवस म्हणजे उन्हाळाच. दुपारी ३० अंश, आणि वारा जमिनीकडून येणारा, कोरडा ठणठणीत. वर पानांतून पाणी भराभर उडते, खाली गार मातीतली मुळे तेवढे पाणी ओढू शकत नाहीत. मग पानांच्या कडा करपतात, कळ्या उमलण्याआधी गळतात, पाने पिवळी पडून झडतात. झाड हे मुद्दाम करते, असे म्हटले तरी चालेल. मिळकत घटली की घरात खर्चाला हात आखडतात, तसे ते पाने टाकून देते.

माणसे इथे घाबरतात. पहिली गोष्ट म्हणजे पाणी वाढवतात. गार, ओल्या चिखलात मुळे कुजतात, आणि जे झाड थंडीने मेले नसते ते पाण्याने मरते. दुसरी गोष्ट, चिमूटभर म्हणता म्हणता मूठभर युरिया टाकतात. झाड बिचारे कोवळी फूट काढते आणि पुढच्या गार पहाटेला ती फूट काळी पडते. तिसरी गोष्ट, कातर घेऊन वाळलेले सगळे साफ करतात. वरच्या वाळक्या फांद्या काही काळ खालच्या जिवंत लाकडाला आडोसा देत असतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. थंड देशांतले माळीसुद्धा कडाका सरेपर्यंत थंडीने जळलेल्या झुडपांना कातर लावत नाहीत. आपण मात्र संक्रांतीलाच सफाईला लागतो.

झाड जिवंत आहे की नाही हे पाहायला शास्त्राची पदवी लागत नाही. अंगठ्याचे नख पुरते. फांदीच्या शेंड्यापासून सुरुवात करावी, साल हलकेच खरवडावी. आतून तपकिरी, कोरडे निघाले तर तो भाग गेला. मग बोटभर खाली, पुन्हा बोटभर खाली. जिथे ओलसर हिरवे दिसेल तिथे झाड जिवंत आहे. पुष्कळदा हे हिरवे अगदी बुंध्यापाशी सापडते. तरी ते पुरे असते. थंडी ओसरली, म्हणजे आपल्याकडे साधारण फेब्रुवारी निम्मा झाला, की त्या हिरव्या भागात एखादा जिवंत डोळा पाहून त्याच्या जरा वर तिरपा काप द्यावा. तोवर बुंध्याशी पातेरा किंवा भाताचा पेंढा घालावा, पाणी थोडे आणि तेही ऊन वर आल्यावर द्यावे, खताला हात लावू नये. (पातेऱ्यावर आमच्याकडे भांडण होते हे कबूल. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, त्याला पातेरा लागतोच. पण दोन टोपल्या बागेला दिल्याने राब अडत नाही.)

सगळीच झाडे वाचतात असा माझा दावा नाही. बुंधा जमिनीलगत काळा, मऊ पडला असेल, मुळे ओढताच हातात येत असतील आणि त्यांना कुजका वास असेल, तर ते झाड काढावे आणि त्या जागची मातीही उन्हात तापू द्यावी. उगाच भावनेच्या भरात कुजके झाड ठेवण्यात अर्थ नाही. माझा वाद परीक्षा न घेता नापास करण्याशी आहे.

आता तुळशीबद्दल. तुळस हे झुडूपच आहे, आणि आपल्या घरांतले सर्वांत लाडके. कार्तिकात तिचे लग्न लागते. त्या सुमाराला ती मंजिऱ्यांनी लगडलेली असते आणि मंजिऱ्या तोडू नयेत असा पुष्कळ घरांत समज असतो. बी धरून धरून झाड थकते, त्यावर पौषातली थंडी येते. शिवाय सिमेंटच्या वृंदावनाला बहुधा खाली भोक नसते. रोज सकाळी आंघोळीनंतर तांब्याभर गार पाणी, बारा महिने, न चुकता. उन्हाळ्यात ते पाणी तिला जगवते, पौषात तेच तिची मुळे बुडवते. एवढी कारणे डोळ्यांसमोर असताना लोक भलतेच कारण शोधतात.

आमच्या आळीत एका घरी मार्गशीर्षात सून आली आणि पौषात तुळस वाळली. पुढे काय झाले ते सांगायला नको. "कावळा शिवलेला असताना हात लावला असेल" इथपासून "पायगुणच तसा" इथपर्यंत सारे बोलून झाले. ती पोर माझ्याच वयाची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे आळीत काही अडले की आई मला पुढे ढकलते, जणू कला शाखेत वनस्पतीही शिकवतात. मी वृंदावन पाहिले. भोक नव्हते, माती चिखल झाली होती, मंजिऱ्या सुकून तशाच होत्या. बुंध्याशी नख लावले तर चांगले दोन बोटे हिरवे. मग मी त्या काकूंना एकच प्रश्न विचारला, "समोरच्या आजींची तुळससुद्धा वाळली आहे. त्यांच्या घरात त्यांच्याशिवाय बाईमाणूस नाही, आणि त्यांचे वय सत्तरीचे. तिथे कोणाला कावळा शिवला?" उत्तर आले नाही. मंजिऱ्या काढल्या, पाणी एक दिवसाआड आणि ओंजळभर केले, रात्री वरून जुने लुगडे टाकले. वृंदावनाला छिन्नीने भोक पाडायला काकांनी थोडी कुरकुर केली, पण पाडले. शिवरात्रीच्या सुमारास बुंध्यातून फूट आली.

तुळस फुटली हे सगळ्यांना दिसले. पण "आम्ही तुला उगाच बोललो" असे त्या सुनेला अद्याप कोणी म्हटलेले नाही. ठपका ठेवायला आळी जमते, तो काढायला कोणी येत नाही. आमच्या वर्गात स्त्रीमुक्तीवर निबंध होतात, वादविवाद होतात, ते व्हावेतच. पण वृंदावनाच्या तळाला भोक नसते ही बारीकशी गोष्ट ठाऊक असती तर तिचे दोन महिने वाचले असते असे मला वाटते. काही अंधश्रद्धा तर्काने जातात, काही छिन्नीने जातात.

मोगऱ्याची गोष्ट पैशाची आहे. जव्हार, विक्रमगड, पालघर या तालुक्यांत पुष्कळ लहान शेतकऱ्यांनी गेल्या काही वर्षांत मोगरा लावला. पावसाच्या भातानंतर जमीन रिकामी आणि हात रिकामे, मग वीटभट्टीवर नाही तर बोईसरच्या कारखान्यांत कंत्राटावर जायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. मोगऱ्याने काही घरांची ती वणवण थोडी कमी केली. आमचाही मोगरा आहे. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत आई आणि मी पहाटे अंधारात कळ्या खुडतो. कळी उमलण्याआधीच खुडावी लागते, उमलली की भाव गेला. वडील त्या घेऊन गाडीने दादरच्या फूल बाजारात जातात. १६ एप्रिल २०१३ ला डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून हे जाणेयेणे सोपे झाले असे ते सांगतात. माझी फी या कळ्यांतून भरली जाते.

मोगरा मार्गशीर्ष-पौषात कळ्या देणे जवळपास बंद करतो. पाने मळकट हिरवी, मग पिवळी होतात, शेंडे वाळतात. बाजारात मात्र त्याच दिवसांत भाव चढलेला असतो, कारण माल नसतो. ज्याने नुकताच मोगरा लावला आहे त्याला हे सोसवत नाही. भाव वर आणि झाड उघडेबोडके, तेव्हा त्याला वाटते आपलेच रोप खराब निघाले. वास्तविक मोगऱ्याला ही विश्रांती हवीच असते. जाणते शेतकरी या दिवसांत पाणी स्वतःहून तोडतात, झाडाला ताण देतात. मग थंडीचा जोर उतरला की दीड-दोन फुटांवर छाटणी, राहिलेली पाने काढणे, बुंध्याभोवतीची माती हलवून शेणखत, आणि त्यानंतर पहिले भरपूर पाणी. नवी फूट येते आणि मोगऱ्याची कळी नव्या फुटीवरच धरते. म्हणजे जे मेल्यासारखे दिसत होते, त्यातूनच पुढचा हंगाम निघतो.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका गृहस्थांनी मागच्या जानेवारीत मोगऱ्याची एक पूर्ण ओळ उपटली आणि ते बोईसरला कंत्राटी कामावर रुजू झाले. झाडे तिसऱ्या वर्षातली होती, म्हणजे खरे उत्पन्न नुकते कुठे सुरू होणार होते. त्यांना दोष देणे मला जमत नाही. घरात दाणे नसतील तर फाल्गुनापर्यंत वाट पाहा असे सांगणे सोपे आहे, पाहणे कठीण. माझी तक्रार त्यांच्याविषयी नसून सल्ला देणाऱ्यांविषयी आहे. लागवडीच्या वेळी रोपे येतात, माहितीपत्रके येतात, फोटो निघतात. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आहे. लावण्यासाठी आपल्याकडे योजनांचा तोटा कधी नव्हता. पण पहिल्या पौषात बांधावर येऊन "थांबा, हे मेलेले नाही" असे सांगणारा माणूस नसतो. खड्डा खणायची मजुरी मिळते, धीराची मिळत नाही. झुडपाच्या पहिल्या हिवाळ्यात एक फेरी मारणे हेसुद्धा लागवडीचेच काम मानले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

छाटणीची वेळ हाही असाच घोटाळ्याचा विषय. बोईसर-तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. प्रत्येकाने आपापल्या गावची झाडे आणली आणि झाडांबरोबर आपापल्या गावचे नियमही आणले. गुलाब आपल्याकडे ऑक्टोबरात छाटतात, म्हणून त्याच हाताने शेजारचा कुंदही छाटला जातो. आता कुंद हा तर थंडीतच फुलणारा. मेघदूत अभ्यासलेल्यांना आठवत असेल, अलकानगरीतल्या स्त्रियांच्या अंगावर कालिदासाने सहा ऋतूंची फुले एकदम घातली आहेत आणि त्यांत हेमंताचे म्हणून त्यांच्या केसांत कुंद माळला आहे. ऑक्टोबरात कुंद छाटला की त्या वर्षीची फुले गेलीच समजा. मोगरा फुलण्याआधी छाटायचा, कुंद फुलून गेल्यावर. जास्वंद आणि कढीपत्ता यांना फेब्रुवारी-अखेर नुसते शेंडे खुडले तरी पुष्कळ. जास्वंदीच्या शेंड्यांवर या दिवसांत पांढरा पिठ्या ढेकूण बसतो. त्याला लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण एवढे औषध बस्स होते. त्यासाठी झाड उपटणे म्हणजे उवा झाल्या म्हणून मुंडण करण्यासारखे आहे.

बोईसरच्या झाडांना थंडीशिवाय आणखी एक भार असतो. पावसाळा संपला की पान धुणारे कोणी नाही. हिवाळ्यात सकाळची हवा जड होऊन खाली बसते, धूळ आणि धूर वर जात नाहीत. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यालगतची कण्हेर आणि तगर जानेवारीत पाहा, मूळ रंग कोणता हे सांगता येणार नाही. पानाच्या श्वासाची भोके या थराने बुजतात आणि ऊनही आत पोचत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत हवा, पाणी, जमीन हे सर्व मिळून अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूर सर्वांत वर होते. तेव्हा तिथले झाड वाळले की "थंडी" म्हणून मोकळे होणे हे सोयीचे आहे, इतकेच. थंडीवर कोणी खटला भरत नाही. आपल्या हाती आहे ते असे की आठवड्यातून एकदा, ऊन आल्यावर, पाने स्वच्छ पाण्याने धुवावीत. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी खारट असते. ते पानांवर मारू नये, मिठाने कडा आणखी जळतात.

शेवटी आपल्या महाविद्यालयाकडे वळते. ग्रंथालयाच्या मागे जास्वंदीचे कुंपण होते. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तोंडावर ते विद्रूप दिसते म्हणून काढले आणि त्या जागी शोभेच्या झाडांच्या कुंड्या आल्या. माळीमामांनी "होळीपर्यंत राहू द्या" असे सांगितले होते, हे मला नंतर कळले. त्यांचे कोणी ऐकले नाही, कारण ते रोजंदारीवर आहेत आणि त्यांच्याजवळ कागद नाही. पाहुणे दोन तासांसाठी येणार, म्हणून किती वर्षांचे कुंपण जावे याला काही प्रमाण असावे. कुंड्यांतली निम्मी झाडे पावसाळ्यात मेली, ती थंडीने मेली असे तरी कोणी म्हणू शकणार नाही.

प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे की, बागेच्या समितीत माळीमामांना बसवावे, खुर्ची देऊन बसवावे, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यांच्या संमतीशिवाय एकही झुडूप काढू नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही दर वर्षी नवे खड्डे खणतो. एखाद्या वर्षी नवे काही न लावता आहे त्या झाडांच्या बुंध्यांशी पातेरा घालावा, पाने धुवावीत, आणि शिबिराच्या गावातल्या मोगऱ्याच्या बांधांवरून नख घेऊन एक फेरी मारावी. फोटोत दाखवण्यासारखे यात काही नाही, हे मला मान्य आहे.

कुंपणातली पाच जास्वंदीची झाडे पाण्याच्या टाकीमागे असल्यामुळे त्या वेळी नजरेतून सुटली. या पौषात तीही पार उघडी पडली आहेत. परवा माळीमामांनी आणि मी प्रत्येकाला नख लावून पाहिले. चार हिरवी निघाली, पाचव्याचे बुंध्यापाशी थोडेसे. मामांनी त्यांच्याभोवती सुतळी बांधून ठेवली आहे. अंक हाती पडेल तेव्हा ती सुतळी कोणी काढू नये.